पर्यटनासाठी हवामानाचा नकाशा: केंद्रांवर काढलेला निर्देशांक थेट प्रदेशभर पसरवला तर चालेल का?

तुमच्याकडे आठ हवामान केंद्रांच्या मासिक सरासऱ्या आहेत आणि प्रत्येक केंद्राचा पर्यटन हवामान निर्देशांक (टीसीआय, म्हणजे हवा फिरायला किती सोयीची याचे १०० पैकी गुण) काढून तो इंटरपोलेट करायचा, म्हणजे केंद्रांमधल्या जागांसाठी अंदाजाने भरायचा विचार आहे. तसं करू नका. आधी तापमान, आर्द्रता, पाऊस, ऊन, वारा यांचे वेगवेगळे थर करा. निर्देशांक सगळ्यात शेवटी, नकाशाच्या जाळीतल्या प्रत्येक चौकोनासाठी काढा. टीसीआयचे गुण पायऱ्यापायऱ्यांनी बदलतात, त्यामुळे दोन केंद्रांच्या गुणांची सरासरी म्हणजे मधल्या जागेची हवा नव्हे.

सगळ्यात मोठा घोळ उंचीमुळे होतो. समजा केंद्र ५०० मीटरवर आहे, दुपारचं तापमान ३४ अंश, आणि शेजारचा डोंगर १३०० मीटरचा. दर किलोमीटरला साधारण ६.५ अंश घट धरली तर माथ्यावर २९ च्या आसपास येतं. जवळच्या केंद्राला जास्त वजन देणारी, नुसतं अंतर बघणारी आयडीडब्ल्यू ही इंटरपोलेशनची पद्धत तिथेही ३४ च्या जवळपासच रंगवते आणि उन्हाळ्यात माणसं जिथे आनंदाने जातील नेमकी तीच जागा नकाशावरून पुसली जाते! म्हणून क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएम या उपग्रहाधारित उंचीच्या नकाशातली, ३० मीटरच्या चौकोनांची उंची घ्या, तापमानाचं उंचीशी रिग्रेशन करा (उंचीनुसार तापमान कसं बदलतं याचं सूत्र बसवा) आणि सूत्राचा अंदाज व केंद्रावरची नोंद यांत उरलेला फरक तेवढा इंटरपोलेट करा. कमाल आणि किमान तापमान वेगळं, दर महिन्याचं वेगळं. हिवाळ्यात पहाटे गार हवा दरीत साचते. तेव्हा उतारापेक्षा तळाशीच जास्त गारठा असतो आणि ६.५ चा हिशेब उलटा पडतो. आठ केंद्रांवर रिग्रेशन डळमळीतच राहणार, म्हणून तुमच्या प्रदेशाच्या सीमेपलीकडची केंद्रंही घ्या.

सापेक्ष आर्द्रता थेट पसरवू नका. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा) पसरवा, मग त्या चौकोनाच्या तापमानावरून आर्द्रता काढा.

पावसाची मासिक बेरीज पर्यटनाला फारशी उपयोगाची नाही. १५० मिमी पाऊस पाच दिवसांत पडला की पंचवीस, यावर सगळं ठरतं. १९८५ च्या टीसीआयमध्ये पावसाला १०० पैकी २० च गुण आहेत, त्यामुळे भिजका महिनाही बरा दिसू शकतो. माझं मत विचाराल तर एचसीआय हा सुट्टीच्या पर्यटनासाठीचा नंतरचा निर्देशांक वापरा: त्याच्या शहरी आवृत्तीत पावसाला ३०, किनाऱ्याच्या आवृत्तीत ढगांना ४०. तो रोजच्या आकड्यांवर चालतो, तेव्हा दैनंदिन नोंदी मिळवाच. पावसासाठी १९८१ पासूनचा चर्प्स हा उपग्रह आणि केंद्रांच्या नोंदींवरून बनवलेला डेटा सुमारे ५ किमीच्या चौकोनात मोफत मिळतो.

तपासणीसाठी दर वेळी एक केंद्र बाजूला ठेवून त्याचा अंदाज काढा. अंदाज दोन-तीन अंशांनी चुकत असेल तर नकाशा छापू नका.

आणि नियोजन करणाऱ्यांच्या हाती सरासरी गुण देऊ नका. १९९१-२०२० या तीस वर्षांवरून दर दहा दिवसांच्या टप्प्यात किती दिवस फिरण्याजोगे, ते दाखवा. हंगाम कधी सुरू करायचा आणि सावली कुठे बांधायची, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.