अण्णा आयफोनला हातच लावत नाहीत

“वडिलांना चांगला नवा फोन घेऊन दिला, तरी जुनाच कवटाळून बसलेत. काय करावं?” हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बराच येतो. विचारणारी मुलं नोकरीसाठी पुण्या-मुंबईत, आईवडील इकडे सांगली-मिरजेत. त्यातल्या एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अण्णा हळदीचे अडते. सत्तरी जवळ आली, तरी मार्केट यार्डात सौद्याला रोज हजर. मुलगा पुण्यात आयटीत. दिवाळीला त्याने आयफोन आणला, अण्णांचं सिम काढून त्यात घातलं आणि सुट्टी संपली तसा निघून गेला. दोन दिवसांत सिम परत जुन्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोन डब्यासकट कपाटात. त्यावरून बापलेकांचं बोलणंच थांबलं. शेवटी आई दोघांना घेऊन माझ्याकडे आल्या.

मुलाची काळजी रास्त होती. जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं होतं आणि अण्णा त्याच फोनवरून शेतकऱ्यांच्या पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे यूपीआयने पाठवत होते. पण त्यापुढे सगळी चर्चा आयफोन किती भारी, यावरच घसरायची. अण्णांचं एकच पालुपद, “मला हाच बरा.”

मी दोन्ही फोन टेबलावर ठेवायला लावले आणि अण्णांना म्हटलं, तुमचं रोजचं काम मला दाखवा.

जुन्या फोनवर त्यांचा अंगठा न बघता चालत होता. त्यात दोन सिम, एक घरचं, एक यार्डाचं. त्या आयफोनमध्ये सिमकार्डाचा खण एकच. दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमवर, घ्यावा लागतो, आणि ते कुणी करून दिलंच नव्हतं. म्हणजे त्या दोन दिवसांत यार्डाचा नंबर बंद! अण्णांच्या अँड्रॉइडला खाली मागे जायचं बटण होतं. आयफोनला तसं बटण नाही. तिथं डाव्या कडेवरून बोट सरकवायचं, नाहीतर वरच्या कोपऱ्यातला बाण शोधायचा. ज्याला सवय आहे त्याला यात काहीच वाटत नाही. अण्णा मात्र म्हणाले, “मॅडम, चार गिऱ्हाइकांसमोर मला मालाचा फोटू उघडता येईना. शेवटी हमालाच्या पोरानं हातातनं फोन घेऊन उघडून दिला.”

हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याच्या शब्दावर इतकी वर्षं सौदे झाले, त्याला भर यार्डात अडाणी झाल्यासारखं वाटलं, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अशा वेळी ‘शिका की, सोपं असतं’ म्हणणं फार लागतं.

आणखी एक गोष्ट निघाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि फोटोंचे अल्बम भिजले. पानं एकमेकांना चिकटायच्या आत अण्णांनी याच फोनने एकेका फोटोचा फोटो काढून ठेवला होता. आणि व्हॉट्सॲपमध्ये त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या आवाजातले निरोप होते. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, आयफोनचा आयक्लाउडवर. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. जुने चॅट आयफोनवर न्यायची सोय २०२२ मध्ये आली, पण त्यासाठी आयफोन कोरा असावा लागायचा. मुलाने घाईत आधी फोन चालू केला, मग नंबर टाकला. अण्णांना व्हॉट्सॲप रिकामं दिसलं आणि भावाचा आवाज कायमचा गेला, असं त्यांना वाटलं.

मुलगा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अण्णा, एकदा बोलायचं तरी.”

आपण रोज वापरतो त्या वस्तू आपल्या ‘मी’पणाचाच भाग होऊन जातात, हे ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडलं, तेव्हा स्मार्टफोन नव्हतेही. अण्णांचा जीव अँड्रॉइडवर नव्हता, तसा मुलाचाही आयफोनवर नव्हता. एकाला आपली माणसं आणि आपली पत जपायची होती, दुसऱ्याला लांबून वडिलांची काळजी घ्यायची होती.

मी मुलाला स्पष्टच सांगितलं, तुला हवं ते सगळं अँड्रॉइडवर मिळतं. २०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंग त्यांच्या काही मॉडेलना सात वर्षं अपडेट द्यायचं आश्वासन देतात. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल दोन्हीकडे चालतो, ठावठिकाणा गूगल मॅप्सवरूनही कळवता येतो. अण्णांनाही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं, अपडेट नसलेल्या फोनवर शेतकऱ्याचा पैसा ठेवणं बरोबर नाही. ते लगेच मान्य झालं. पैशाच्या बाबतीत ते फार चोख आहेत.

फोन अण्णांनी स्वतः दुकानात जाऊन, हातात धरून निवडला. अँड्रॉइडच, दोन सिमचा. एका रविवारी बापलेक शेजारी बसले. आधी फोटो हलवले, मग चॅट, भावाचे निरोप नव्या फोनवर वाजवून बघितले, आणि मगच यूपीआय नव्यावर घेऊन जुन्यावरून काढून टाकलं. जुना फोन काढून घ्यायचा नाही, हे मी आधीच बजावलं होतं. आयफोन आता आई वापरतात आणि त्यांना तो मनापासून आवडतो.