होकार येतो, शिक्षक जात नाही

प्रश्न : परदेशातील मिशन शाळांसाठी ख्रिस्ती शिक्षक मिळवण्याचे काम मी घरून करते. फोनवर उत्साह भरपूर, पण निम्मे उमेदवार मधेच गळतात. कुठे चुकते?

उत्तर : बहुधा पहिल्याच फोनवर. श्रद्धेवर तासभर बोलणे होते आणि पैशांचा विषय शेवटी निघतो. अनेक मिशन संस्था पगार देत नाहीत. शिक्षकालाच आपल्या चर्चमधून, मित्रमंडळींकडून दरमहा देणगीची वचने मिळवावी लागतात. हे पहिल्या १० मिनिटांतच सांगून टाका. उमेदवार विवाहित असेल, तर दुसऱ्या फोनला जोडीदारही हवाच. नकार पुष्कळदा तिथून येतो, आणि तो लवकर आलेला बरा.

शिफारसी तिघांच्या घ्या : पाळक, मुख्याध्यापक, सहकारी. पत्रावर विसंबू नका. फोन करून नेमके विचारा, 'यांच्या हाती तुमचे मूल सोपवाल का?' उत्तराआधी समोरचा किती थांबतो, तेही ऐका.

पदवीच्या कागदांना लगेच हात घाला. १९६१ च्या हेग करारातील देशांसाठी अपोस्टिल (कागदावरील सही-शिक्के खरे असल्याचा सरकारी दाखला) पुरतो; चीनमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून चालतो. इतरत्र सहसा दूतावासाचा शिक्का लागतो. पोलिसांचा दाखला मात्र फार आधी काढू नका. व्हिसाचा अर्ज भरेपर्यंत तो जुना ठरतो आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

व्हिडिओ कॉलची वेळ दोन्हीकडच्या घड्याळाने लिहून कळवा. काही देशांत मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे सरकते, आणि मुलाखत हुकते ती तेव्हाच.