वाचकांचे प्रश्न: शाळेतली झुरळं, तांदळातले पोरकिडे आणि आढ्यावरचे उंदीर

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, भिंती ओल धरतात आणि बाहेरची मंडळी वर्गात राहायला येतात. या वेळचे सगळे प्रश्न शाळांमधले आहेत. मुलं फरशीवर बसतात, बोटं तोंडात घालतात आणि वजनाने लहान असतात. त्यामुळे घरात खपून जाणारं औषध वर्गात खपत नाही, हे धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: शाळेत दर तीन महिन्यांनी रविवारी फवारणी होते. चार दिवस मेलेली झुरळं दिसतात, पंधरवड्यात स्वयंपाकघरात पुन्हा तीच गर्दी. आता पहिलीच्या वर्गातल्या कपाटातही निघू लागली आहेत. औषध भेसळीचं असेल का?
मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा

औषध अस्सल असतं तरी हेच झालं असतं, बाई. आधी झुरळ कुठलं ते बघा. अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतील तर ते जर्मन झुरळ. ते कांद्याच्या पोत्यातून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून आत येतं आणि शेगडीजवळच्या फटीत संसार थाटतं. लालसर, दीड इंची, ते अमेरिकन. त्याचं घर गटारात आणि चेंबरमध्ये असतं, मोरीतून ते वर येतं. त्याला मोरीची बारीक जाळी, चेंबरचं घट्ट झाकण आणि दाराखालची पट्टी बहुतेक वेळा पुरते. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे पहिलं दिसतंय, आणि त्याला मेहनत आहे.

फवारा पडतो भिंतीवर आणि फरशीवर. जर्मन झुरळ दिवसभर असतं बिजागरीमागे, ओट्याच्या कडेखाली, टेबलाच्या उलट्या बाजूला, दीड-दोन मिलिमीटरच्या फटीत. मादी अंड्यांची कुपी शेपटाशी धरून हिंडते. एका कुपीत ३०-४० अंडी असतात आणि कुपीच्या कवचातून औषध आत पोचत नाही. शिवाय फवाऱ्यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली, म्हणजे झुरळांना पळवून लावणारीही असतात. मरायची ती मरतात, उरलेली भिंतीपलीकडे जातात. पहिलीच्या कपाटात निघाली ती बहुधा याच वाटेने आली.

दुकानात पुठ्ठ्याचे चिकट सापळे मिळतात, ते ८-१० आणा. प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख घाला. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा वाया जातो, कारण झुरळ भिंतीला अंग घासत चालतं. सापळा भिंतीला टेकवून, कोपऱ्यात, सिलिंडरमागे, धान्याच्या कपाटाखाली ठेवा. तीन रात्रींनी मोजा. ज्यात बारकी, बिनपंखांची पिल्लं जास्त सापडली, त्याच्या दोन-तीन हातांच्या आत वस्ती आहे. आता टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसा आणि खालून वर बघा. मिरीच्या भरडीसारखे काळे ठिपके दिसले की ती जागा.

मग सफाई. शेगडी उचलून खालचा तेलकट थर खरवडा, गरम साबणपाण्याने घासा. हा थर राहिला तर पुढचं काहीच लागू पडत नाही, कारण झुरळाला तुमच्या औषधापेक्षा तो जास्त आवडतो. पुठ्ठ्याची खोकी बाहेर, वस्तू प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करा. हे झुरळ अन्नावाचून महिनाभर तग धरतं, पाण्यावाचून जेमतेम दोन आठवडे. ओट्याच्या आणि चौकटीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरा. मात्र जिथे वस्ती सापडली ती फट इतक्यात बुजवू नका.

तिथे जेल लावायचं. फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के, सिरिंजमध्ये मिळतं. तुरीच्या दाण्यापेक्षा लहान ठिपके, फटीच्या आत. १० बाय १२ फुटांच्या स्वयंपाकघराला असे २०-२५ ठिपके पुरतात. टूथपेस्टसारखी लांब रेघ ओढली की ती वाळते आणि मुलांच्या हाताला लागते. मुलाचं बोट पोचेल अशा जागी ठिपका नकोच. झुरळ जेल खाऊन फटीत परततं, तिथे मरतं, त्याची विष्ठा आणि मढं पिल्लं खातात आणि तीही मरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘काहीच झालं नाही’ असं वाटेल. १४ दिवसांनी सापळे पुन्हा मोजा, संपलेले ठिपके नव्याने लावा. आकडा उतरून शून्यावर आला की ती फटही बुजवा. जेल लावलेल्या खोलीत फवारा मारायचा नाही आणि त्या फटींवरून फिनेलचं फडकं फिरवायचं नाही. जेल निकामी व्हायची ही दोन नेहमीची कारणं आहेत.

याच वाचकांचा दुसरा प्रश्न: मग फवारणीचं कंत्राट बंद करायचं का?

कंत्राट ठेवा, त्यातलं काम बदला. ‘तिमाही फवारणी’ काढून ‘मासिक तपासणी, सापळ्यांची नोंद, गरजेपुरतं जेल’ असं लिहून घ्या. येणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का ते पाहा. औषधाचं रासायनिक नाव, प्रमाण आणि लावलेली जागा वहीत लिहून सही घ्या. ‘हर्बल आहे, वास येत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. लेबलवरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळा शाळेच्या फाटकातून आत यायलाच नको. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी जुन्या सवयीने कुणी ते काढलं तर त्याला परत पाठवा.

आणि उरलेलं औषध शाळेत ठेवून घेऊ नका, रिकामा डबा तर नाहीच. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन गावच्या शाळेत पोषण आहार खाऊन २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे शेतातलं कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. आपल्याकडे चांगला डबा फेकवत नाही, ही सवय इथे मोडायलाच हवी. डबा चेपून, भोकं पाडून कंत्राटदाराबरोबर परत द्या.

प्रश्न: पोषण आहाराच्या तांदळात पोरकिडे होतात. गोदामात वापरतात त्या गोळ्या पोत्यांत ठेवा असं एकाने सुचवलं आहे. एका पोत्यात किती ठेवाव्यात?
शिक्षक, यवतमाळ जिल्हा

एकही नाही. त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. गोदामात त्या सीलबंद ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरतात आणि नंतर हवा खेळवतात. तुमच्याकडे धान्याची खोली आणि वर्ग यांच्यामध्ये एक भिंत आणि एक सैल दार. हा वायू फटीतून सहज झिरपतो आणि त्यावर उतारा नाही. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण वास येईपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. शाळेला त्या विकत मिळणंच नियमाबाहेर आहे.

खरी गडबड साठ्याच्या हिशेबात असते. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतची १४० मुलं असतील तर दिवसाला १४ किलो, २५ दिवसांना ३५० किलो, म्हणजे ५० किलोची ७ पोती. तांदळातल्या या सोंडकिड्याची एक पिढी उन्हाळ्यात-पावसाळ्यात साधारण महिनाभरात तयार होते. पोतं महिन्याच्या आत संपलं तर आत अंडी असली तरी पीक यायच्या आत तांदूळ शिजतो. तीन महिन्यांचा साठा एकदम घेतलात की तिसऱ्या महिन्यात जे निघेल ते चाळणीने आवरणार नाही. जमेल तिथे पुरवठा दोन टप्प्यांत मागून घ्या.

पोती फरशीवर टेकवू नका. चार-सहा इंच उंच लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून एक फूट अंतर सोडा. भिंतीला टेकलेल्या पोत्याला ओल लागते आणि मागे उंदीर राहतो तो दिसत नाही. आलेल्या पोत्यावर खडूने तारीख घाला, जुनं पुढे, नवं मागे. रिकाम्या पोत्याच्या शिवणीत किडे बसून राहतात, तेव्हा ती त्याच खोलीत रचू नका. नवं धान्य येण्याआधी कोपऱ्यातला आणि फळीखालचा सांडलेला दाणा झाडून काढा. पुढच्या पोत्याला कीड बहुतेक तिथूनच लागते.

कीड कधी लागली हे वेळेत कळावं म्हणून तमिळनाडू कृषी विद्यापीठाने केलेला नळीसापळा उपयोगी आहे. बारीक भोकांची नळी असते, ती पोत्यात उभी खुपसायची. किडा हवेच्या ओढीने भोकातून आत शिरतो आणि तळाच्या नळीत पडतो. आठवड्याला एकदा काढून बघा. दोन-चार किडे दिसले की ते पोतं पुढे घ्या आणि आधी संपवा.

लागलेल्या तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाणा तडकून कणी होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात इंचभर थर पसरा, किडे आपोआप निघून जातात. मग चाळून, पाखडून, पूर्ण गार करून भरा. गरम तांदूळ डब्यात भरला की आतून घाम धरतो आणि बुरशी येते. जाळी धरलेला, कुबट वासाचा तांदूळ मात्र शिजवू नका, पंचनामा करून परत करा. कडुनिंबाचा पाला घालायला हरकत नाही, वाळवून घाला. त्याने किडे थोडे दूर राहतात, लागलेली कीड जात नाही. ओला पाला घातलात तर उलट ओल वाढवलीत.

प्रश्न: अंगणवाडीत मुंग्या फार होतात. मुंग्यांचा खडू ओढला तर चालेल का?
अंगणवाडी सेविका, नांदेड

ताई, तो खडू हातात घेऊन बघा: पांढरा, गोल, फळ्याच्या खडूसारखाच. तीन वर्षांच्या मुलाला फरक कळणार नाही, आणि त्यात डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. तो शाळेत आणूच नका. मुंग्यांच्या रांगेमागे जाऊन भोक शोधा. रांग साबणपाण्याच्या फडक्याने पुसा, म्हणजे वासाची वाट मोडते. भोकात आज ओला साबण दाबा आणि नंतर सिमेंट भरा. खाऊचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवता येतो, पण ताटली दर दोन दिवसांनी रिकामी करून पुसा, नाहीतर मुंग्या गेल्या आणि डास आले असं व्हायचं. बोरिक पावडर-कणकेच्या साखर घातलेल्या गोळ्याही नकोत, त्या लाडवासारख्या दिसतात.

प्रश्न: कौलारू शाळा आहे. आढ्यावरून उंदीर उतरतात, वह्या आणि नकाशे कुरतडतात. कपाटामागे विषाच्या वड्या टाकल्या तर चालेल का?
शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

वड्या टाकल्यात तर उंदीर मरेल आढ्यात, आणि आठ दिवस वर्ग दुसरीकडे भरवावा लागेल. या वड्यांमधलं ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही, परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्या गुलाबी-निळ्या असतात, मुलांना गोळी वाटते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर मुलांच्या जवळपास नकोच, ती यकृत निकामी करते. चुकून कुणी असं काही तोंडात घातल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात न्या, किंवा १०८ ला फोन करा.

उंदरांची वाट बंद करणं हेच मुख्य काम आहे. पेन्सिल जाईल त्या भोकातून चुई, म्हणजे घरातला बारका उंदीर, जाते, अंगठा जाईल त्यातून मोठा उंदीर. भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट थापा. नुसता कापडाचा बोळा किंवा फोम तो एका रात्रीत कुरतडतो. वासे आणि भिंत यांच्यामधली फट अर्धा सेंटिमीटर छिद्रांच्या लोखंडी जाळीने बंद करा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. कौलांवर आलेली आंब्या-फणसाची फांदी किमान चार-पाच फूट मागे छाटा.

आत उरलेल्यांना चाप लावा. एकच चाप लावून वाट बघत बसू नका, एकदम सहा-आठ लावा, तेही शाळा सुटल्यावर, आणि सकाळी मुलं यायच्या आत उचला. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, तेव्हा पहिले तीन दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा. भाजलेलं खोबरं किंवा चिमूटभर सुकट दोऱ्याने बांधा, नाहीतर ते पळवून नेतो आणि चाप तसाच. चिकट पुठ्ठे उंदरांसाठी वापरू नका: जनावर जिवंत तडफडतं आणि सकाळी ते आधी मुलांना दिसतं.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून फडक्याने पुसा.

प्रश्न: मुलांना दिवसाच डास चावतात. वर्गात कॉइल लावावी का?
पालक, पुणे

कॉइलचा धूर मुलांच्या छातीत जाईल आणि डास दारातून पुन्हा येईल. दिवसा चावणारा एडिस, डेंग्यूचा, तो शाळेच्या आवारातच जन्मतो: झाकण नसलेली टाकी, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडून महिनोन्महिने जगतात. काठ ब्रशने घासा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी टाकी आणि शौचालयांतले फ्लश आधी बघा. महिनाभर साचलेलं पाणी तिथेच असतं.

प्रश्न: मुताऱ्यांत डांबरगोळ्या टाकतो. झुरळं कमी होतात का?
शिपाई, खासगी शाळा, नाशिक

नाही मामा. वास झाकला जातो, एवढंच. त्या नॅफ्थॅलीनच्या असतात आणि काही मुलांच्या रक्तात जन्मतः जी-६-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या रक्तपेशी या गोळीने फुटू शकतात. एखादं पोर ती उचलून तोंडातही घालतं. मोरीच्या जाळीवर झाकण बसवा, ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, पाणी राहतं का ते बघा. सुटीत तो आटला की झुरळांना गटारातून सरळ रस्ता मिळतो. आठवड्याला एक बादली पाणी ओतत राहा.