उंचावरच्या तळ्यातला ट्राउट: आधी नकाशा वाचावा, मग काठ

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकमध्ये विशनसरच्या काठी दीड दिवस गळ टाकूनही एकही ट्राउट लागला नाही, तेव्हा त्या तळ्यात मासे उरलेच नाहीत की काय, हा पहिला प्रश्न. मुख्य वाटेपासून दूर असलेल्या, नकाशावर नुसते निळे ठिपके दिसणाऱ्या तळ्यांपैकी कोणत्या तळ्यात मासे असतील हे घरबसल्या ओळखता येते का, हा दुसरा. मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर सापडेल.

ट्राउट हा मूळचा काश्मीरचा मासा नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. १८९९ साली बोटीने पाठवलेली अंडी वाटेतच वाया गेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र जगली, आणि पुढे श्रीनगरजवळच्या हारवनला त्यांची पैदास होऊ लागली. म्हणजे आज ज्या तळ्यात ब्राऊन ट्राउट (स्कॉटलंडहून आलेली ट्राउटची हीच जात) आहे, तिथे तो एक तर कोणी तरी नेऊन सोडलेला आहे किंवा खालच्या नाल्यातून पोहत वर चढलेला आहे. म्हणून प्रत्येक निळ्या ठिपक्याला दोनच प्रश्न विचारावेत: मासा इथे येऊ शकला असता का, आणि आल्यावर टिकू शकला असता का?

येण्याचा मार्ग म्हणजे तळ्यातून बाहेर पडणारा ओढा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हा ओढा खालच्या मोठ्या नाल्यापर्यंत बोटाने माग काढत न्यावा. जिथे समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटतात तिथे धबधबा किंवा उभी घळ असते, आणि तेवढ्या एका टप्प्यामुळे वरची सगळी तळी माशाला बंद होतात. हिमनदीने कोरलेल्या दऱ्यांमध्ये अशी पायरी वारंवार आढळते. पायरीच्या वरचे तळे कितीही सुंदर असले, तरी त्यात कोणी मासे सोडल्याची खात्रीची माहिती नसेल, तर केवळ गळ टाकण्यासाठी दोन दिवसांची चढण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट कृष्णसरचे पाणी ओढ्याने विशनसरमध्ये उतरते, आणि गंगाबलचे नुंदकोलमध्ये उतरून पुढे वांगत नाल्याने सिंध नदीला (सिंधू नव्हे, झेलमची उपनदी) मिळते. अशी ओढ्याने जोडलेली जोडतळी नकाशावर दिसली की मी त्यांच्याभोवती लगेच पेन्सिलीने गोल काढतो.

टिकण्याचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो शब्दशः खोलीचाच आहे. ही तळी वर्षातले सहा-सात महिने बर्फाखाली असतात. बर्फावर हिम साचले की आत उजेड पोहोचत नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, आणि उथळ तळ्यातला होता तो साठाही वसंतापर्यंत संपतो. म्हणून उपग्रहचित्रात तळ्याचा रंग पाहावा. कडेला फिकट आणि मध्ये गडद निळे-काळे दिसणारे तळे खोल असते. तळाचे दगड सर्वत्र दिसत असतील तर ते तळे सोडून द्यावे. सतसरची तळी पाहायला मोहक आहेत, परंतु उथळ आहेत आणि हंगामाच्या शेवटी त्यांचे पाणी उतरते, म्हणून मी तिथे गळकाठी बाहेर काढत नाही. दुधाळ, राखाडी दिसणाऱ्या तळ्यात हिमनदीने दळलेल्या दगडांचे पीठ तरंगत असते. त्यात प्रकाश शिरत नाही, खाद्य वाढत नाही, आणि मासे असले तरी ते किडकिडीतच राहतात. एकाच चित्रावर विसंबू नये. जुलैचे आणि सप्टेंबरचे अशी दोन चित्रे शेजारी ठेवून पाण्याची कड किती आत सरकली आहे ते पाहावे.

टिकण्याची दुसरी अट म्हणजे वीण. ब्राऊन ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वाहत्या पाण्यातल्या बारीक खडीत अंडी घालतो. साचलेल्या पाण्यात ती गुदमरतात. म्हणून तळ्यात येणारा किंवा तळ्यातून जाणारा, बारमाही वाहणारा, फार उतार नसलेला ओढ्याचा शे-दोनशे पावलांचा तरी तुकडा हवा. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी समजायला मला बरीच वर्षे लागली. जिथे विणीला जागा मुबलक आहे, तिथे मासे पुष्कळ पण लहान मिळतात, कारण उन्हाळा चार महिन्यांचा आणि खाणारी तोंडे अनेक. जिथे विणीची जागा जेमतेम आहे, तिथे मासे थोडे पण मोठे मिळतात. आपल्याला दिवसभर गळ हलता हवा आहे की एकाच माशाची वाट पाहायची आहे, हे आधी ठरवावे आणि मग तळे निवडावे.

नकाशानंतर माणसे. वरच्या कुरणांत जुलै-ऑगस्टमध्ये गुरे-मेंढ्या चारायला आलेली बकरवाल आणि गुज्जर कुटुंबे असतात, आणि त्यांच्याइतके त्या पाण्याचे ज्ञान कोणालाच नसते. मात्र "इस में मछली है क्या?" असे विचारू नये. दूरवरून आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे त्यांच्या जिवावर येते, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थीच मिळते. त्याऐवजी, तळ्यातून निघणाऱ्या ओढ्यात बोटाएवढी पिल्ले दिसतात का, आणि त्यांची मुले कोठे बसून मासे धरतात, असे विचारावे. पिल्ले दिसत असतील तर वीण होते आहे हे निश्चित. नावांकडेही कान द्यावा: आपल्या कानाला गडसर म्हटले की किल्ला आठवतो, पण काश्मिरीत गाड म्हणजे मासा आणि सर म्हणजे सरोवर, गडसर म्हणजे माशांचे तळे.

आता आपला पहिला प्रश्न. विशनसरमध्ये मासे आहेत. आपण लिहिले आहे की तीस-चाळीस मीटर लांब फेक जात होती आणि काठाला काहीच दिसत नव्हते. मला वाटते, दोष त्या लांब फेकीतच आहे. माझी पहिली वेळही तशीच गेली. पवईला आणि लोणावळ्याच्या बाजूला रोहू-कटल्यासाठी मी कणकेचे आमिष लावून, जड शिसे घालून दूर खोल पाण्यात गळ टाकायला शिकलो होतो, आणि तीच सवय ३,७०० मीटरवर घेऊन गेलो. दोन दिवस मी गुडघाभर पाण्यात उतरून तळ्याच्या मध्याकडे चकती (हुक लावलेले धातूचे चकाकते आमिष) फेकत राहिलो. या तळ्यांत खाद्य मध्यभागी नसते. ते असते काठाच्या पहिल्या काही मीटरांत, जिथे ऊन तळापर्यंत पोहोचते, दगडांवर शेवाळ धरते आणि त्यात कीटकांच्या अळ्या वाढतात. मासा तिथेच हिंडतो. ज्या पट्ट्यात मासे होते, त्याच पट्ट्यात मी उभा होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे एका वयस्क बकरवाल चाचांनी मला ओढ्याच्या मुखाशी नेले आणि हाताने खूण करून खाली बसवले. पाणी पसरट होऊन ओढ्यात ओढले जात होते, खोली फार तर दोन फूट. थोड्या वेळाने दगडांच्या कडेने एक सावली आली. आधी सावलीच दिसली, मासा नंतर. तो एका पांढऱ्या गारगोटीच्या शिळेपर्यंत आला, वळला, आणि आला तसा निघून गेला. काही मिनिटांनी पुन्हा तीच वाट, तीच शिळा, तेच वळण. चौथ्या फेरीच्या आधी मी काळी बारीक माशी (हुकावर दोरा-पिसे गुंडाळून केलेला बनावट कीटक) शिळेच्या अलीकडे हातभर अंतरावर अलगद ठेवली आणि हात पूर्ण थांबवला. मासा आला, किंचित वर उचलला गेला, तोंड उघडताना आतली पांढरी रेघ लखकन दिसली, आणि दोरा ताणला. दीड वितीचा, पिवळसर पोटाचा, अंगावर फिकट कड्यांतले लाल ठिपके असलेला तो ब्राऊन ट्राउट माझ्या ओल्या तळहातावर क्षणभरच होता, पण त्या सकाळपासून माझी मासेमारी बदलली.

तेव्हा या वेळी काठावर पोहोचताच काठी जोडू नये. वीस-पंचवीस पावले मागे, शक्य तर थोड्या उंचीवर बसून, अर्धा तास नुसते पाणी पाहावे. ध्रुवीकरण करणारा चष्मा जवळ असावा, कारण त्याने पृष्ठभागाची चकाकी जाते आणि तळ दिसू लागतो. कपडे माती-गवताच्या रंगाचे असावेत. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. काठाने चालताना पाय आपटू नयेत, कारण दगडांतून जाणारा धक्का माशाला आपल्या दिसण्याआधी कळतो. पहिली फेक काठाला समांतर असावी. त्यानंतर जिथे फिकट तळ संपून गडद निळाई सुरू होते त्या रेषेवर टाकावी, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या ओढ्याची दोन्ही मुखे पहाटे व सायंकाळी तपासावीत. दुपारी दरीतून वारा वर चढतो आणि कुरणातले टोळ, मुंग्या, भुंगे पाण्यावर आणून टाकतो. ते सारे लाटांबरोबर वाऱ्याच्या समोरच्या काठाला जमतात. बहुतेक लोक वारा पाठीवर घेऊन आडोशाच्या काठावर उभे राहतात, कारण तिथे फेक सोपी जाते. आपण मात्र ज्या काठावर लाटा आपटत आहेत तिथे जावे.

सामानाविषयी फार लिहीत नाही. नऊ फुटी, चार तुकड्यांची, पाच नंबरची फ्लाय रॉड (बनावट माशी टाकण्याची काठी) किंवा सहा फुटी हलकी स्पिनिंग रॉड, चार ते सहा पौंडाचा दोरा, तीन ते पाच ग्रॅमचे स्पिनर (पाण्यात गरगर फिरणाऱ्या पात्याचे आमिष) आणि १४ व १६ नंबरच्या काळ्या-तपकिरी माश्या पुरतात (माश्यांच्या हुकात आकडा मोठा म्हणजे हुक लहान). हुकाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, त्याला पाण्यातच ठेवून हुक काढावा. खायचा असेल तर परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या व लांबीच्या आतच, एखाददुसरा घ्यावा. इतक्या थंड पाण्यात दीड वितीचा मासा वाढायला किती उन्हाळे जातात, हे विसरू नये. एका तळ्यातले जिवंत मासे दुसऱ्या तळ्यात सोडण्याचा मोह मात्र कधीही होऊ देऊ नये. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात मुळात मासे नसलेल्या शेकडो तळ्यांत ट्राउट सोडला गेला आणि तिथले पिवळ्या पायांचे बेडूक त्या तळ्यांतून नाहीसे झाले. पुढे काही तळ्यांतून मासे काढून टाकल्यावर ते बेडूक परतले. मासे नसलेले तळे हे रिकामे तळे नसते.

परवाना जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडून खाली असतानाच घ्यावा आणि त्यावर तळ्याचे नाव लिहून घ्यावे; तोंडी होकार वर चालत नाही. गडसर, सतसरच्या बाजूला लष्कराची ठाणी आहेत, तिथे मूळ ओळखपत्र दाखवावे लागते आणि वाटेपासून दूर भटकण्याआधी विचारावे लागते. परदेशी अनुभवी मंडळी दुर्गम तळ्यांसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र न्यायला सांगतात. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे, म्हणून ते नेऊ नये. त्याऐवजी गट कोठे मुक्काम करणार आणि कोणत्या दिवशी परतणार हे ट्रेकच्या दोन टोकांना, सोनमर्ग किंवा नारानागला, लिहून ठेवावे, आणि बाजूच्या तळ्याला कधीही एकट्याने जाऊ नये. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक चढवू नये, हा नियम माशाच्या नादात मोडला जातो, असे मी पाहिले आहे. पाण्यातही उतरू नये. मासा काठाशीच असल्यामुळे त्याची गरज नाही, आणि त्या थंडीत हातपाय फार लवकर निकामी होतात.

गंगाबलविषयी एक विनंती. हरमुखाच्या पायथ्याचे ते तळे काश्मिरी पंडितांचे तीर्थ आहे; तिथे अस्थी विसर्जित होतात, आणि भाद्रपद शुद्ध अष्टमीला, म्हणजे आपल्याकडे ज्येष्ठा गौरींचे दिवस असतात तेव्हा, तिथे यात्रा असते. त्या दिवसांत आपण नुंदकोलला थांबावे आणि दोन तळ्यांना जोडणारा ओढा जिथे नुंदकोलमध्ये उतरतो त्या मुखाशी पहाटे बसावे. उत्तराखंडातल्या डोडीतालमध्येही ट्राउट आहे, पण काठावर गणपतीचे मंदिर आहे आणि त्याचा जन्म तिथलाच अशी स्थानिक श्रद्धा आहे. मी तिथे काठी घेऊन गेलो नाही आणि जाणार नाही.

आपण ऑगस्टचा शेवटचा आठवडा ठरवला आहे, तो योग्य आहे. खिंडींतले हिम उतरलेले असते, पीर पंजालच्या आडोशामुळे पाऊस आपल्या सह्याद्रीसारखा झोडपत नाही, आणि मासे हिवाळ्याआधीचे खाणे जोरात खात असतात. विशनसरला दोन रात्री ठेवा, त्यातली एक पूर्ण सकाळ कृष्णसरहून येणाऱ्या ओढ्याच्या मुखाशी घालवा, आणि पहिला अर्धा तास काठी पिशवीतच राहू द्या.