उन्हाच्या गावात राहूनही ड जीवनसत्त्व कमी का होतं?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, राहायला पुण्यात, आहार पूर्ण शाकाहारी, रोज सकाळी साडेसहाला टेकडीवर फिरायला जाता, ऑफिसात उन्हाच्या खिडकीपाशी बसता, आणि तरीही रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर; पुढचे पातळीचे आकडेही यातच) आलं. एवढं ऊन असताना हे कसं, आणि असा धोका आणखी कुणाला असतो?

तुमच्या दिवसात उजेड भरपूर आहे, पण हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नाहीत. त्वचेत ते बनतं ते अतिनील 'बी' किरणांमुळे. सूर्य खाली असतो तेव्हा हे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि वाटेतच शोषले जातात. म्हणून 'कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं' हा घरोघरी सांगितला जाणारा सल्ला या बाबतीत चुकीचा आहे. साडेसहाचं फिरणं हृदयासाठी, साखरेसाठी उत्तम, ते सोडू नका. फक्त ड जीवनसत्त्वाच्या हिशेबात ते धरू नका. खिडकीचंही तसंच. काच 'बी' किरण अडवते, त्वचा काळवंडवणारे 'ए' किरण मात्र आत सोडते. काचेआडून त्वचा काळवंडते, जीवनसत्त्व मिळत नाही.

वेळ ओळखायची सोपी खूण म्हणजे सावली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कामाचं. पुण्यात मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसांत, ही वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर मध्यान्हीलाही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि ही वेळ साडेअकरा ते पावणेदोन एवढीच उरते. नेमकं तेव्हाच आपण ऑफिसात असतो. पावसाळ्यातले ढगाळ महिने आणि शहरावरचा धूर-धूळ यांत आणखी घट होते.

दुसरी गोष्ट त्वचेच्या रंगाची. आपल्या त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हे किरण आधीच शोषून घेतं, म्हणून गोऱ्या त्वचेला जेवढं ऊन पुरतं त्याच्या कितीतरी पट आपल्याला लागतं. पुण्यातल्याच पुरुषांच्या एका अभ्यासात पातळी २०च्या वर राहण्यासाठी रोज तासाभरापेक्षा जास्त ऊन लागलेलं दिसलं. आता स्कूटरवर स्कार्फ, हातमोजे, पूर्ण बाह्या घालून जाणारीचा विचार करा: तासभर उन्हात असूनही उघडी त्वचा जवळपास शून्य. बुरखा, रात्रपाळी, घरातून काम, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, या सगळ्यांत हेच घडतं. वय वाढतं तसा त्वचेतला कच्चा मालही कमी होतो.

पण नुसतं ऊनही सगळ्यांना पुरत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवरचं होनोलुलू आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. होनोलुलूत आठवड्याला सरासरी २९ तास उन्हात असणाऱ्या लोकांची रक्ततपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तर निम्म्या जणांची पातळी ३०च्या खाली होती. म्हणून बाकीची कारणंही तपासायला हवीत.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॅल्शियम, आणि याकडे फार कमी लोक पाहतात. आहारात कॅल्शियम कमी असलं की पॅराथायरॉईड संप्रेरक (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढतं आणि शरीर साठवलेलं ड जीवनसत्त्व लवकर संपवतं. पोळी-भाकरीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याने भर पडते. दिवसाला १००० मिलिग्रॅम लक्ष्य ठेवा: दूध-दही मिळून अर्धा लिटर, सोबत नाचणी, तीळ, राजगिरा. अन्नातून ड जीवनसत्त्व मिळतं ते मुख्यतः बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून, थोडं अंड्याच्या बलकातून. साध्या दुधात ते नगण्य असतं. पिशवीवर '+एफ' चिन्ह असलेल्या दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट मिसळलेले असतात. गरज दिवसाला ६०० युनिटची, त्यामुळे शाकाहारी ताटातून ती भागणं अवघडच.

लठ्ठपणात हे जीवनसत्त्व चरबीत अडकून पडतं. फिट्सची जुनी औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही पातळी उतरते. सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार), यकृत-मूत्रपिंडाचे आजार, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

११ ही पातळी नक्की कमी आहे, २०च्या खाली कमतरता धरतात. सहसा ६०,००० युनिटची गोळी किंवा सॅशे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात आणि मग लहान डोस चालू ठेवतात. ती दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, कारण शोषणाला स्निग्ध पदार्थ लागतो. इथे होणारी घातक चूक म्हणजे 'आठवड्यातून एकदा'ची गोळी रोज घेणं, किंवा गोळ्या चालू असताना ६ लाख युनिटचं इंजेक्शनही टोचून घेणं. रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान-लघवी सुरू होते, मूत्रपिंड बिघडू शकतं. मुतखडा होऊन गेला असेल किंवा गरोदर असाल तर स्वतःहून काहीच सुरू करू नका.

मांड्या दुखणं, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणं, जिना चढताना पाय जड होणं, असं काही असेल तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेजही तपासून घ्या. हाडं मऊ होत असतील तर ते त्यात दिसतं. घरातल्या धडधाकट माणसांची सरसकट तपासणी मात्र करत बसू नका.

फेरतपासणी तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत करा. डोस नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर गोळी वाढवण्याआधी सिलिअॅकची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा.