खानदेशात पुराणकथा आणि निसर्ग एकत्र दाखवणारं शिल्प कुठे बघता येईल?

माझं मत सरळ पितळखोऱ्याला. सरकारदरबारी ही बौद्ध लेणी खानदेशाबाहेर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात येतात, पण चाळीसगावची माणसं ती आपलीच धरतात, आणि पाटणादेवीच्या जंगलाला लागूनच आहेत म्हटल्यावर ते चूकही नाही.

तिथल्या चौथ्या लेण्याच्या दाराशी थांबा. पायथ्याला ओळीने हत्ती कोरलेत, दारावर यक्ष द्वारपाल. पण खरी गंमत बाजूच्या पाच फण्यांच्या नागात आहे. त्याच्या तोंडांना भोकं आहेत आणि मागे खडकातून पाण्याची छुपी वाट काढलेली आहे. आतलं पाणी सोडलं की ते फण्यांतून बाहेर पडायचं! पाणी राखणारा नाग ही श्रद्धा, आणि त्याच नागातून सांडपाण्याचा निचरा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं डोकं बघा.

डोक्यावर वाडगं धरलेला, गालात हसणारा ढेरपोट्या यक्षही इथलाच. त्याच्या हातावर कोरलंय की तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला. दागिन्यांची नजाकत पाहिली की ते पटतं. मात्र तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे शोधत बसू नका.

दगडाऐवजी जिवंत परंपरा हवी असेल तर नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरचा वाघदेव बघा: लाकडावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र.

पितळखोऱ्याला पावसाळा सरता सरता जा. उन्हाळ्यात दगड नुसता भाजतो.