त्या रबरी चपलांबद्दल

‘प्रिय ताई,
मी १९ वर्षांचा आहे, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला पीसीवर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळायची आवड आहे. आमची पाच जणांची टीम रोज रात्री नऊनंतर बसते. पण बाबा बरोबर अकरा वाजता मीटरजवळचा जुना लोखंडी मेन स्विच ओढतात. मॅच अर्धवट तुटते, मला पेनल्टी बसते आणि टीम चौघांवर येते. गेल्या महिन्यात मित्रांनी माझ्या जागी दुसऱ्याला घेतलं. बाबांशी बोलायला गेलो तर म्हणतात, त्या डब्याने तुझं वाटोळं केलंय. सुट्टीत मंडपवाल्याकडे काम करून मी नव्या ग्राफिक्स कार्डसाठी १८ हजार रुपये साठवलेत, तेही त्यांच्या डोळ्यांत खुपतात. मी व्यसनी नाही, मार्क चांगले आहेत. माझा कुणाला त्रासही नाही. पावसात तर पीसीच्या लोखंडी कॅबिनेटला पाय लागला की झिणझिण्या येतात म्हणून मी रबरी चपला घालूनच बसतो, आणि धाकटी बहीण एकदा शॉक लागल्यापासून माझ्या खोलीत येतच नाही. बाबांना कसं समजावू?’

तुझ्या पत्रातला बाबांचा भाग मी बाजूला ठेवला आहे. अकरा वाजता मेन स्विच ओढणं बरोबर की चूक, यावर आज एक शब्द बोलणार नाही. मला त्या चपलांबद्दल बोलायचं आहे.

कॅबिनेटला करंट येतो हे तुला कळलं. तू त्यावर उपायही केलास, चपला. बहिणीला शॉक लागला, ती खोलीत यायची बंद झाली, आणि तू ते ‘माझा कुणाला त्रास नाही’ याच्या पुढच्या ओळीत लिहून मोकळा झालास. हे वाचून मला तुझा राग आला. घरात हे कुणाला सांगितल्याचं पत्रात कुठेही नाही. का सांगितलं नसशील, याचा अंदाज येतो: बाबांच्या कानावर गेलं तर ते दुसऱ्या दिवशी पीसी उचलतील. म्हणजे पीसी वाचवायला तू शॉक लपवलास. सबंध पत्रात तू सोडून सगळे चुकीचे वागताहेत, पण ही एक गोष्ट फक्त तुझ्या हातात होती.

आता त्या झिणझिण्या येतात कुठून ते नीट समजून घे, कारण बाबांना तुलाच सांगायचं आहे. पीसीच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात, वीज आत शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेपासून, लोखंडी बॉडीला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून, म्हणजे परतीच्या तारेपासून, बॉडीला. विजेतला नको तो गोंगाट त्यांनी अर्थच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या, तारेतून जमिनीत सोडायचा असतो. अर्थची तारच नसेल तर बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लोंबकळत राहते आणि तिच्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येतात. त्यातून वाहणारा करंट फार थोडा, सहसा एका मिलिअँपिअरच्या आतच. म्हणून झिणझिण्यांवर भागतं. उन्हाळ्यात जमीन कोरडी, पायही कोरडे, म्हणून जाणवत नाही. पावसात लादी घामेजते आणि तोच करंट पायाला कळतो. कॅबिनेटच्या बॉडीला जोडलेलं सगळंच असं होतं: यूएसबीच्या तोंडाचं लोखंड, हेडफोनची पिन, धातूच्या मायक्रोफोनची जाळी.

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे जिवाला धोका नाही’ असं म्हणू नकोस. झिणझिण्या साध्या फिल्टरच्या आहेत की आत कुठे फेजची तार बॉडीला टेकायला आली आहे, हे पायाला ओळखता येत नाही. टेस्टरलाही ओळखता येत नाही, त्याचा दिवा दोन्ही वेळा लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत एसएमपीएसमध्ये धूळ ओली होऊन चिकटते, पाल शिरते, मुंग्या घर करतात, उंदीर तार कुरतडतो. अर्थ असता तर फेज बॉडीला टेकताच मोठा करंट जमिनीत गेला असता आणि फ्यूज किंवा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) उडाला असता. अर्थ नाही, तर काहीच उडणार नाही. बॉडी पूर्ण २३० व्होल्टवर गुपचूप उभी राहील आणि पहिला जो हात लावेल त्याच्यातून वाट काढील. दहाएक मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, पकडलेलं सुटत नाही. तिसाच्या पुढे हृदयाला धोका. सहा अँपिअरच्या एमसीबीला हे कळतसुद्धा नाही, त्याच्या हिशेबी तो एखाद्या छोट्या दिव्याएवढा भार.

आणि चपला? रबर कोरडं, धड आणि जाड असेल तर पायाखालची वाट अडते, एवढंच. घामाने ओली झालेली, टाचेला झिजलेली चप्पल तेवढंही करत नाही. शिवाय एक हात कॅबिनेटवर आणि दुसरा खिडकीच्या गजावर किंवा लोखंडी कपाटावर असला तर करंट पायाकडे जातच नाही, छातीतून आरपार जातो. तिथे चपलेचा काय उपयोग?

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. तुझ्या थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थ नसेल तर ती घरात इतर कुठे असेल असं तुला का वाटतं? जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट बसवतात आणि वरचं भोक मागून रिकामं सोडतात, हे सर्रास चालतं. आई ज्या वॉशिंग मशीनमध्ये ओले हात घालते त्याला अर्थ आहे का? फ्रिजला? न्हाणीत गिझर असेल तर त्याला? गिझरची कॉइल फुटली आणि अर्थ नसली की करंट थेट अंगावर पडणाऱ्या पाण्यात येतो. आणि तो जुना लोखंडी मेन स्विच. त्याच्या पेटीलाही अर्थची तार लागते. ती नसेल, आणि आतली फेज पेटीला टेकली, तर रोज रात्री अकरा वाजता त्या दांड्यावर जो हात पडतो तो तुझ्या बाबांचा असतो.

म्हणून तुझ्या खोलीपुरता उपाय मी तुला सांगणार नाही. काम सबंध घराचं आहे.

लायसन्स असलेल्या वायरमनला बोलाव. मंडपात झालरी लावल्यास म्हणून हे स्वतः करायला जाऊ नकोस. वीज खात्याकडे तक्रार करायची तर १९१२ आहे, पण मीटरच्या अलीकडचं वायरिंग आणि अर्थिंग घरमालकाचं, ते खातं करून देत नाही. वायरमन आला की आधी मल्टिमीटर लावायला सांग: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ नसेल तर शेवटचे दोन आकडे भलतेच येतात. पीसीची पॉवर केबलही तपासून घे, स्वस्त केबलमध्ये तिसरी पिन असते पण आत तार नसते. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. तू टू-पिनचा कन्व्हर्टर लावला असशील तर तो आजच फेकून दे.

दुकानात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो. अर्थ गायब असेल तर तो सांगतो, पण एक लबाडी त्याला पकडता येत नाही, आणि नेमकी तीच सगळ्यात घातक. काही जण वेळ वाचवायला सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थची टोकं तारेच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, टेस्टर ‘ठीक’ दाखवतो, सगळे खूश. मग पावसात कधीतरी खांबावरची न्यूट्रल तुटते आणि घरातल्या चालू उपकरणांतून फिरून आलेली फेज त्या तुकड्यातून प्रत्येक लोखंडी वस्तूवर चढते. असा तुकडा कुणी घालू लागला तर त्याला तिथेच थांबव. नळाच्या पाइपला अर्थ बांधणाऱ्यालाही थांबव, आता पाइप पीव्हीसीचे असतात.

घराला अर्थिंगचा खड्डा नसेल तर तो करावा लागेल. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप, आतून निदान ३८ मिलिमीटरचा आणि अडीच मीटर लांब, घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर. आपल्याकडे अडचण जांभ्या दगडाची. वरची माती संपली की चिरा लागतो, आणि उन्हाळ्यात तो इतका सुकतो की त्यातून करंट जायला मागत नाही. म्हणून जागा निवडताना बाबांना विचार, न्हाणीचं पाणी कुठल्या माडाच्या मुळात जातं ते त्यांना ठाऊक असणार. तिथली माती बारा महिने ओली, खणायलाही मऊ. पाइपभोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात. मीठ काही वर्षांत जीआय खातं, तेव्हा परवडलं तर तयार केमिकल इलेक्ट्रोड घ्या. वर नरसाळं आणि झाकण ठेवायला लावा, मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी घालायचं. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रीडिंग घ्यायला सांग, पाच ओहमच्या आत हवं. पावसात घेतलेलं रीडिंग नेहमीच गोड येतं. खरी परीक्षा मे महिन्यातली, तेव्हा पुन्हा एकदा घ्या.

खड्डा झाला म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण इथेच थांबतात. खड्ड्यातली तार मेन बोर्डापर्यंत येते आणि तिथेच संपते. तिथून हिरवी तार प्रत्येक थ्री-पिनपर्यंत जायला हवी. तुझ्या खोलीला दीड चौरस मिलिमीटरची पुरते, गिझरला आणि वॉशिंग मशीनला अडीचची घाल.

आणि मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच. गेलेला आणि परतलेला करंट तो सतत ताडून पाहतो, तीसचा फरक पडला की क्षणार्धात बंद. अर्थ नसतानाही तो चालतो, पण मग करंट माणसातून गेल्यावरच त्याला कळतं. म्हणून दोन्ही हवेत. जुन्या वायरिंगमध्ये तो बसवल्या बसवल्या वारंवार पडू लागेल. कारण बहुतेक वेळा एका खोलीची न्यूट्रल दुसरीत घुसवलेली असते, किंवा इन्व्हर्टरची न्यूट्रल बाहेरून जोडलेली असते, किंवा खरंच कुठेतरी गळती असते. वायरमन म्हणेल, आपल्या पावसात हे चालत नाही, काढून टाकू. काढू द्यायचा नाही. एकेक सर्किट सोडवून दोष शोधायला लावायचा, दिवस गेला तरी चालेल.

हे सगळं केल्याने तुझा पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कमी होणार नाही, अर्थिंगचा त्याच्याशी संबंध नाही. स्क्रीनवर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमही वाढणार नाहीत. पेनल्टीचं म्हणशील तर तेरा राउंड जिंकायच्या मॅचला अर्धा-पाऊण तास लागतो, ओव्हरटाइम झाला तर आणखी. दहानंतर रँक्ड मॅच सुरू करू नकोस. ते तुला बाबांना न समजावताही जमण्यासारखं होतं.

आता पैशांचं. १८ हजार आहेत. ग्राफिक्स कार्ड राहू दे. आरसीसीबी साधारण दीड-अडीच हजारांत येतो. खड्डा, तार आणि मजुरी किती, ते जागा आणि दगड पाहून वायरमन सांगेल. कमी पडले तर बाबा घालतील. तू कष्टाने साठवलेले पैसे आहेत, आणि ते अशा कामाला लाव म्हणताना मला वाईट वाटतं. तरी म्हणते. पुढची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, यायच्या आधी हे व्हायला हवं, कारण गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीला दिव्यांची माळ सोडायची वेळ आली की घरातला सापडेल तो एक्स्टेन्शन बोर्ड ओढला जातो. वर ओली पानं, फळं आणि तारा एकमेकांत, खाली बहीण आरतीचं ताट धरून उभी.

हे वाचून झालं की पीसी बंद कर, भिंतीवरचा स्विच बंद कर, प्लग काढ आणि काम होईपर्यंत पुन्हा लावू नकोस. मॉनिटरचाही काढ. टीमला एक ओळ पाठव की काही दिवस नाही. बाबा संध्याकाळी घरी आले की जेवायला बसायच्या आधी सांग, आई आणि बहीण समोर असू देत: ‘बाबा, माझ्या पीसीला करंट येतो. मला येत होता आणि मी बोललो नाही. हिलाही लागलाय. घरात अर्थिंग नसणार, उद्या वायरमनला बोलवू, पैसे माझ्याकडे आहेत.’ ते ओरडतील. ओरडू देत, मधे बोलू नकोस. अकराच्या मेन स्विचचा विषय त्या दिवशी काढायचा नाही.